ऐकीव, ऐकणे आणि ऐकवणे

१

संगीताचे दोन श्रोते भेटले की 'सध्या काय ऐकता आहात?' हा प्रश्न कुशलप्रश्नाइतक्या सहजतेने विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तितक्याच सहजपणे येते. 'सध्या मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतो आहे', 'अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या पुन्हा लावतो आहे' अशा स्वरूपाच्या उत्तरांकडे विचार करण्याजोगी गोष्ट म्हणून आपण सहसा पाहत नाही. परंतु हे उत्तर कोणत्या प्रकारचे विधान आहे, असे विचारले की त्याचा साधेपणा टिकत नाही. ते केवळ माहिती देणारे विधान म्हणावे, तर विचारणाऱ्याला त्या माहितीचा उपयोग काय? ते मूल्यविधान म्हणावे, तर त्यात मूल्यवाचक शब्दच नाही. ते आत्मप्रकटन म्हणावे, तर बोलणारा दुसऱ्या कोणाच्या तरी गाण्याविषयी बोलतो आहे. आपण ऐकत असलेल्या ध्वनिमुद्रणाविषयी दुसऱ्याला सांगणे ही कृती नैतिक दृष्टीने निरुपद्रवी आहे काय, आणि नसेल तर सांगणाऱ्यावर कोणती बंधने येतात, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे. प्रश्न संगीताच्या श्रोत्याचा असला तरी समीक्षाव्यवहाराच्या मुळाशी तो जाऊन भिडतो, असे मला वाटते.

या प्रश्नातील गुंतागुंत मराठी भाषेने आपल्या क्रियापदांत साठवून ठेवली आहे. 'ऐकणे' म्हणजे श्रवण करणे, आणि 'ऐकणे' म्हणजे मानणेही. 'तो कोणाचे ऐकत नाही' असे म्हणताना आपण त्याच्या कानांविषयी तक्रार करत नसतो. याच धातूपासून आलेला 'ऐकीव' हा शब्द मात्र ज्ञानाची पायरी खाली आणतो. ऐकीव गोष्ट म्हणजे ज्या गोष्टीला बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवाचा आधार नाही अशी गोष्ट. आणि 'ऐकवणे' हे प्रयोजक रूप दुसऱ्याच्या कानापर्यंत काही पोहोचवण्याचा अर्थ देते. पण 'त्याने मला चार शब्द ऐकवले' या प्रयोगात तेच रूप अधिकार गाजवते. म्हणजे एकाच धातूच्या तीन रूपांत प्रत्यक्ष अनुभव, उसना अनुभव आणि दुसऱ्यावर चालवलेली सत्ता या तिन्ही शक्यता एकत्र नांदतात. आपण ऐकत असलेले संगीत दुसऱ्याला सांगणारा श्रोता या तिहींच्या मध्ये उभा असतो. तो दुसऱ्याच्या हाती ऐकीव गोष्ट देतो, त्याला ऐकायला लावतो, की आपले ऐकायला लावतो, यावर त्याच्या कृतीचे मोल ठरते.

२

'सध्या ऐकतो आहे' हा चालू वर्तमानकाळ संगीताच्या संदर्भात फार जुना नाही. फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून आपल्याकडे तो संभवू लागला. त्याआधी श्रोत्याला गाण्याविषयी बोलताना भूतकाळच वापरावा लागे. मैफल संपली की गाणे संपे, आणि उरे ती आठवण. ही आठवण दुसऱ्याला सांगितली की ती त्याच्यापुरती ऐकीव होई. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गाण्याविषयी आपण जे जाणतो ते सारे असे ऐकीव आहे. त्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या जाणकाराने लिहून ठेवलेली साक्ष, शिष्यांच्या गळ्यांत उतरलेली गायकी आणि घराण्यातून चालत आलेल्या आख्यायिका एवढ्यावर आपली श्रद्धा उभी आहे. ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही, परंतु तिची शहानिशा करण्याचा मार्ग आपल्याजवळ नाही.

ध्वनिमुद्रणाने साक्षीदाराची ही स्थिती बदलली. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ साली प्रसिद्ध झाले. घराण्यांची मांडणी करताना त्यांनी स्वर आणि लय हे दोन ध्रुव कल्पिले. किराणा घराण्याला स्वराच्या टोकाकडे आणि आग्रा घराण्याला लयीच्या टोकाकडे ठेवले, तर जयपूर घराण्यात त्यांना या दोहोंचा समतोल आढळला. आजचा वाचक अब्दुल करीम खाँ यांची आणि फैयाज खाँ यांची तबकडी एकामागून एक लावून या मांडणीची परीक्षा करू शकतो. तिच्याशी तो सहमत होईल किंवा होणार नाही. पण त्याचा होकार आणि नकार दोन्ही त्याच्या कानांतून आलेले असतील. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांच्या गाण्याविषयी मात्र त्याच ग्रंथातील कोणतेही विधान त्याला विश्वासानेच घ्यावे लागते. एकाच ग्रंथाचा वाचक असा दोन ज्ञानव्यवस्थांत वावरतो.

हा बदल केवळ सोयीचा नाही. मैफलीच्या आठवणीत सांगणारा अटळपणे श्रेष्ठ असतो. त्याने ऐकलेले असते आणि समोरच्याला ते कधीच ऐकता येणार नसते. ध्वनिमुद्रणाविषयी सांगणारा मात्र, त्याची इच्छा असो वा नसो, आपले श्रेष्ठत्व गमावण्याचा धोका पत्करतो. समोरचा तीच तबकडी लावू शकतो आणि 'मला यात ते सापडले नाही' असे म्हणू शकतो. सांगणाऱ्याला उत्तरदायी करणारी ही शक्यता हीच या कृतीच्या नैतिकतेची पहिली अट आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

३

येथे सौंदर्यशास्त्रातील एका जुन्या प्रश्नाकडे वळावे लागते. सौंदर्याचे ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावरून होऊ शकते काय? कान्टने आपल्या १७९०च्या ग्रंथात सौंदर्यविधानाची जी मीमांसा केली, तिचा विस्तृत परामर्श मराठीत रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात घेतला गेला आहे. कान्टच्या मते सौंदर्यविधान करणारा सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरतो, पण ती संमती संकल्पनांच्या आधारे सिद्ध करून मिळवू शकत नाही. एखादी कविता आपल्याला रुचली नाही, तर समीक्षकांनी कितीही नियम पुढे केले तरी आपण कान बंद करून घेऊ, अशा आशयाचे उदाहरण तो देतो. रिचर्ड वोल्हाइम यांनी आपल्या कलाविषयक ग्रंथाच्या १९८०च्या आवृत्तीला जोडलेल्या निबंधात हीच गोष्ट परिचयतत्त्व म्हणून मांडली. सौंदर्याविषयीचे निर्णय प्रत्यक्ष परिचयावर आधारलेले असावे लागतात, आणि एकाकडून दुसऱ्याकडे त्यांचे संक्रमण फारच मर्यादित प्रमाणात होते, असा त्याचा भावार्थ.

हे तत्त्व स्वीकारले तर 'अमुक गायकाची तोडी अलौकिक आहे' असे सांगणारा श्रोता वस्तुतः समोरच्याला काहीच देत नाही. ज्ञान म्हणून ते विधान पोहोचत नाही, आणि पोहोचल्यासारखे वाटले तर ते ऐकीव म्हणूनच पोहोचते. याउलट 'मी सध्या अमुक गायकाची तोडी ऐकतो आहे' या विधानात निर्णय मागे ठेवलेला असतो. ते समोरच्याला आपल्या मताकडे नेत नाही, गाण्याकडे नेते. त्यात कौतुक गृहीत असेल, पण ते मान्य करण्याची सक्ती नसते. सौंदर्यानुभव वाटून घेण्याचा तात्त्विक दृष्ट्या प्रामाणिक मार्ग कोणता, या प्रश्नाला म्हणूनच या साध्या वाक्यात उत्तर मिळते. सर्वांच्या संमतीची अपेक्षा आणि प्रत्येकाच्या रुचीचे स्वातंत्र्य या कान्टच्या दोन अटी एकाच वेळी पाळणारे वाक्य याहून वेगळे कसे असेल, हे मला सांगता येणार नाही.

यावर भारतीय काव्यशास्त्राच्या बाजूने एक आक्षेप संभवतो. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार आस्वादाच्या क्षणी रसिकाचे व्यक्तिगत 'मी'पण गळून पडते, आणि अभिनवगुप्ताचा सहृदय हा तन्मय होण्याची योग्यता असलेला रसिक आहे. मग 'मी ऐकतो आहे' असे म्हणणे हे जे गळून पडायला हवे तेच पुन्हा उभे करणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. परंतु साधारणीकरणाने जे नाहीसे होते ते माझ्या लौकिक हिताहिताशी बांधलेले 'मी'पण, आणि निवेदनात जे येते ते साक्षीदाराचे. साक्ष देणाऱ्याला आपले नाव सांगावे लागते. त्यावाचून त्याच्या शब्दाला जामीन राहत नाही. अडचण निर्माण होते ती हे दुसरे 'मी'पण हळूच पहिल्याच्या जागी जाऊन बसते तेव्हा, आणि ती अडचण काल्पनिक नाही.

४

पिएर बोर्द्यू यांनी 'दिस्तँक्सियों' (१९७९) या ग्रंथात संगीताची आवड ही माणसाचे सामाजिक स्थान सर्वाधिक अचूकपणे उघड करणारी गोष्ट मानली आहे. अभिरुची माणसांचे वर्गीकरण करते, आणि अभिरुची प्रकट करणारा स्वतःचेही वर्गीकरण करून घेतो. आपल्याकडे याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. अप्रचलित रागाचे नाव, विस्मृतीत गेलेल्या गायिकेचा उल्लेख, मूळ तबकडीचा क्रमांक, एखाद्या खासगी मैफलीचे साल यांचा उच्चार ज्या सुरात होतो त्यावरून तो समोरच्याला गाण्याकडे नेण्यासाठी आहे की त्याला उंबऱ्यावर थांबवण्यासाठी, हे ओळखता येते. ॲडोर्नोने १९३८च्या निबंधात असे निरीक्षण नोंदवले होते की तोस्कानिनीच्या मैफलीचे तिकीट काढणारा श्रोता अखेर त्या तिकिटासाठी मोजलेल्या पैशाचीच पूजा करत असतो. दुर्मीळ ध्वनिफितीचा मालकही पुष्कळदा गाण्याऐवजी तिच्या दुर्मीळपणाचे सेवन करत असतो.

या वृत्तीला आपल्या संगीतात एक पूर्वपीठिका आहे. घराण्यातील अस्सल चीज शिष्यालाही सहजी न देण्याची प्रथा होती. तिच्यामागे उपजीविकेची वास्तव भीती होती, हे विसरून तिची केवळ निंदा करणे अन्यायाचे होईल. ज्याच्याजवळ गळ्यावाचून दुसरी मालमत्ता नाही त्याने ती जपली तर नवल नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांच्या ताब्यातील चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा ही कोंडी काही प्रमाणात फुटली. पण ध्वनिमुद्रणाच्या युगात उस्तादाची जागा संग्राहकाने घेतली. ज्याची उपजीविका त्या गाण्यावर अवलंबून नाही, ज्याने ते गायिले नाही किंवा शिकलेले नाही, त्याने केवळ ध्वनिफीत ताब्यात आहे म्हणून तिच्यावर घराण्याचा हक्क सांगावा, याला उस्तादाच्या भीतीचे समर्थन लागू होत नाही. 'माझ्याजवळ आहे, पण देता येणार नाही' असे सांगणारा श्रोता मैफलीतील जुन्या साक्षीदाराचे श्रेष्ठत्व कृत्रिमरीत्या परत मिळवतो. समोरच्याला शहानिशा करता येऊ नये अशी व्यवस्था तो करतो, आणि ज्याचे ऐकणे होऊ शकले असते ते पुन्हा ऐकीव करून ठेवतो.

५

मग जवळ आहे ते सर्व सर्वांना ऐकवावे, असा निष्कर्ष काढावा काय? येथे तिसऱ्या व्यक्तीचा, म्हणजे गाणाऱ्याचा विचार करावा लागतो. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची ध्वनिमुद्रणाविषयीची नाखुशी सर्वश्रुत आहे. समोर बसलेल्यांसाठी गायिलेले गाणे यंत्राने उचलून भलत्याच्या हाती जावे, हे अनेक थोर कलावंतांना रुचत नव्हते. त्यामागे केवळ लहरीपणा पाहू नये. मैफलीत गाणारा धोका पत्करतो, एखादी जागा घेऊन पाहतो, फसतो, सावरतो. आणि समोरचे श्रोते हे सारे समजून घेतील या विश्वासावर तो ते करतो. यजमानाने कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्रावर हे गाणे मुद्रित होते तेव्हा तो विश्वास ज्यांच्याशी ठरलाच नव्हता अशा श्रोत्यांपर्यंत ते जाते. उतारवयातील थकलेल्या आवाजाचे मुद्रण हा तर अधिकच नाजूक प्रश्न आहे.

कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात गायकवादकांचा प्रयोगाधिकार १९९४च्या दुरुस्तीने आला. त्याची २५ वर्षांची मुदत १९९९ साली ५० वर्षांवर नेण्यात आली, आणि २०१२च्या दुरुस्तीने कलावंताचा नैतिक अधिकारही मान्य केला. आपल्या प्रयोगाला आपले नाव लागावे, आणि त्याची लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड होऊ नये, असे या अधिकाराचे दोन भाग आहेत. यातील तत्त्व कायद्याच्या मुदतीपलीकडेही श्रोत्याला मार्गदर्शक ठरावे. गायक हयात असेल आणि त्याने नकार दिला असेल, तर तो नकार पाळला पाहिजे. रसिकतेच्या नावाखाली तो मोडता येत नाही. गायक हयात नसेल तर प्रश्न बदलतो. नकाराचा आदर म्हणून ते मुद्रण नष्ट होऊ देणे योग्य आहे असे मला वाटत नाही, कारण संगीताची परंपरा हीही एक ऐकणारी आहे आणि तिचाही त्यावर काही हक्क पोहोचतो. पण मग ऐकवणाऱ्यावर जबाबदारी येते. हे गाणे कोणाचे, केव्हाचे, कोणत्या वयातील, कोणाच्या साथीचे, खासगी की जाहीर, पूर्ण की तुटलेले, हे त्याने गाण्याबरोबर दिलेच पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकाला ही मागणी अपरिचित वाटू नये. पाठचिकित्सेत आपण हेच मागतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, त्यामागे हीच जाणीव होती की प्रेमाने केलेल्या नकलाही मूळ बिघडवतात. ध्वनिमुद्रणात हा बिघाड अधिक अदृश्य असतो. सुरुवातीच्या काळातील तबकड्या सर्वच मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेल्या नव्हत्या. त्या सरसकट त्या गतीने वाजवल्या तर गायकाची पट्टी आणि लय दोन्ही बदलतात, आणि आपण ज्या चपळाईचे किंवा ज्या उंच आवाजाचे कौतुक करतो ती यंत्राची करामत असू शकते. त्या तबकड्यांत अवघी तीनेक मिनिटे मावत. त्यावरून गायकाच्या विस्ताराविषयी मत देणे म्हणजे उताऱ्यावरून महाकाव्याचे परीक्षण करणे होय. गौहर जान आपल्या तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारत. परदेशी कारखान्यात छापताना ओळख पटावी, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. पण मुद्रित गाणे आपली ओळख बरोबर घेऊन आले पाहिजे, ही अट त्या उच्चाराने नकळत घालून दिली.

६

ज्या केसरबाईंची ध्वनिमुद्रणाविषयीची नाखुशी वर उल्लेखिली त्यांच्याच आवाजातील सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्णतबकडीवर अंतराळात गेली. कार्ल सेगन यांच्या समितीने जगभरातील संगीताचे २७ नमुने त्यासाठी निवडले होते, आणि या भैरवीची शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीतअभ्यासकाने केली होती. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले, आणि त्याच महिन्यात १६ तारखेला केसरबाईंचे निधन झाले. २०१२ साली यांपैकी एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधील अवकाशात पोहोचले. आपण काय ऐकतो हे दुसऱ्याला सांगण्याचे इतके टोकाचे उदाहरण दुसरे नसेल. ऐकणारा अज्ञात आहे, तो आहे की नाही हेही अज्ञात आहे, आणि सांगणाऱ्याच्या प्रतिष्ठेत त्याच्या ऐकण्याने कोणतीही भर पडणार नाही.

या उदाहरणातील एक तपशील मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. तबकडीबरोबर ती वाजवण्याची सुई पाठवलेली आहे, आणि वेष्टनावर ती कोणत्या गतीने कशी वाजवावी हे आकृत्यांनी दाखवलेले आहे. भैरवी श्रेष्ठ आहे असे मात्र त्यावर कोठेही कोरलेले नाही. ऐकण्याचे साधन द्यावे, वाजवण्याची रीत सांगावी आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोडावा, ही ऐकवण्याची नीती त्या वेष्टनावर जवळजवळ पूर्णपणे व्यक्त झाली आहे.

पृथ्वीवरील आपला व्यवहार मात्र आज उलट दिशेने चालला आहे. साधनांची वाण राहिलेली नाही. कोणतेही गाणे क्षणात कोणालाही पाठवता येते. त्यामुळे ऐकीव गोष्टीचा एक नवाच प्रकार निर्माण झाला आहे. पाठवणाऱ्याने स्वतः न ऐकता पुढे पाठवलेले गाणे हा तो प्रकार. शिवाय आपण काय ऐकतो आहोत हे आता यंत्रच परस्पर नोंदवते आणि इतरांना दाखवते. बाह्यतः हे 'सध्या ऐकतो आहे' याच विधानासारखे दिसते, पण त्यात बोलणारा कोणी नाही. ज्या विधानामागे उत्तर देण्यास बांधलेली व्यक्ती नाही, त्याला साक्ष म्हणता येत नाही. साक्षीची दुसरी अट म्हणूनच अशी, की सांगणाऱ्याने खरोखर ऐकलेले असावे, आणि 'ऐकतो आहे' या क्रियापदातील अपूर्णता प्रामाणिक असावी. ज्याचे ऐकणे संपले आहे तो निर्णय देतो. ज्याचे चालू आहे त्याला समोरच्याच्या कानांची गरज असते, आपल्याला जे सापडले ते त्यालाही सापडते का हे पाहायचे असते. ही गरज नसेल तर सांगण्याचे प्रयोजन उरत नाही, उरते ते केवळ प्रदर्शन.

७

या विवेचनाचा साहित्यसमीक्षेशी असलेला संबंध आता वेगळा दाखवण्याची आवश्यकता नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या विद्यापीठीय व्यवहारात 'सध्या काय वाचता आहात?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो; त्याची जागा 'कशावर काम करता आहात?' या प्रश्नाने घेतली आहे. या दुसऱ्या प्रश्नाला मूळ कृती न वाचताही उत्तर देता येते. कृतीविषयी कोणी काय म्हटले, त्यावर कोणी काय आक्षेप घेतला, यांचा व्यासंगपूर्ण परामर्श घेणारे प्रबंध आपण सारेच पाहतो. त्यांतील विधाने पुष्कळदा संदर्भसंपन्न असतात आणि तरीही ऐकीव असतात. अल्लादिया खाँ यांच्या बाबतीत ऐकीवावर थांबणे आपल्याला भाग आहे. जी कृती हाताशी आहे तिच्या बाबतीत ते भाग नाही, आणि म्हणून क्षम्यही नाही.

ध्वनिमुद्रणाने श्रोत्याला जी संधी दिली ती मुद्रणाने वाचकाला कितीतरी आधी दिली होती : आपल्या अनुभवाची साक्ष अशा रीतीने देण्याची, की समोरच्याला ती तपासता यावी, नाकारता यावी आणि नाकारतानाही तो त्याच वस्तूसमोर उभा असावा. ही संधी घेणाऱ्याला श्रेष्ठत्वाचा त्याग करावा लागतो, संग्रहावरचा ताबा सैल करावा लागतो, गाणाऱ्याच्या किंवा लिहिणाऱ्याच्या इच्छेचे आणि संदर्भाचे भान राखावे लागते, आणि न ऐकलेल्याविषयी गप्प बसावे लागते. शिक्षकाच्या बाबतीत ही मागणी अधिकच कठोर होते, कारण त्याच्या 'ऐकवण्या'त अधिकार आधीच मिसळलेला असतो आणि विद्यार्थी त्याचे 'ऐकत' असतो. त्या अधिकाराचा एकच उपयोग मला समर्थनीय वाटतो : विद्यार्थ्याने आपले ऐकणे सोडून गाणे ऐकू लागावे, यासाठी केलेला.